सावरगावचा मदरबोर्ड

तुषारने नव्या रॅमचा भाव सांगितला आणि वृषालीने मनातल्या मनात सौसरचं घर बंद करून पाहिलं. दाराला कुलूप, अंगणातलं संत्र्याचं झाड शेजाऱ्यांच्या भरवशावर, आणि बाबा इंदूरला अभिजीतदादाच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीची जाळी धरून उभे. चित्र इतकं स्पष्ट दिसलं की तिने मान झटकली.

“दिवाळीआधी तर याच्या निम्म्यात मिळत होती,” ती म्हणाली.

“दीदी, दिवाळीआधीची गोष्टच नका करू. माझ्या मामेभावाचं लग्न आहे. त्याच्या सासऱ्याला मी म्हटलं, जावयाला अंगठी राहू द्या, रॅमची एक पट्टी द्या. नातवापर्यंत भाव वाढत राहील.”

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवरचं तुषारचं दुकान म्हणजे एक बोळच होता. पुढे नवे खोके, मागे पोट उघडं पडलेली जुनी मशीनं, आणि मधल्या काउंटरवर दिवसभर चहाच्या पेल्यांचे गोल डाग. वृषाली तिथे पहिल्यांदा आली नव्हती. सौसरच्या ज्या खाजगी शाळेत ती कॉम्प्युटर शिकवायची, तिथली दुरुस्ती तुषारकडेच असायची. ती शाळा उन्हाळ्यात बंद पडली. मग नागपूरच्या एका कंपनीचं काम कानावर आलं. गावोगावच्या शेतांचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि त्यांच्या हद्दी नव्याने आखायच्या, घरी बसून. आधी एक आठवडा परीक्षेचं काम. ते पसंत पडलं तर नोकरी पक्की. तिचा जुना लॅपटॉप त्या नकाशांपुढे धापा टाकायचा आणि शेवटी बंदच पडायचा.

दादाने फोनवर सांगून ठेवलं होतं. हे जमलं तर ठीक, नाही तर संक्रांत झाली की घर भाड्याने द्यायचं आणि दोघांनी इंदूरला यायचं. दादा वाईट नव्हता. पण बाबांनी, म्हणजे रघुनाथरावांनी, सगळी नोकरी सौसरच्या पोस्टात काढली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी गल्लीतला प्रत्येक माणूस ते चपलांच्या आवाजावरून ओळखायचे. चौथ्या मजल्यावर कोणाच्या चपला वाजणार?

“हे पहा,” तुषार काउंटरवर बोटाने रेघा ओढत म्हणाला, “पैसा कुठं घालायचा अन् कुठं वाचवायचा, एवढाच खेळ आहे. ग्राफिक कार्ड कट. प्रोसेसर असा घ्यायचा, का ग्राफिक त्याच्या पोटातच असलं पाहिजे. बोर्ड मागच्या पिढीचा. लाइट पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, त्याच्यात मात्र कंजूसी नको, आपल्या इथली लाइट कशी आहे तुम्हाला माहीत. तो सडका असला तर एका झटक्यात सगळं घेऊन जाते. आता राहिली रॅम.”

“रॅमवरच तर अडलं.”

तुषारने जरा विचार केला. “सावरगावले एक सेट आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, तिन्ही संगंच. मीच जोडून दिल्ता हर्षलले. लग्नाच्या पत्रिका, बॅनर, असं काम करे तो. कलाकार पोरगा. मशीन फुलासारखी ठेवलेली. तो गेला, आता घरी कोण वापरते? त्याची आई विकून राहिली.”

कुठे गेला, असं वृषालीने विचारलं नाही. या भागातली पोरं जातच असतात. कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, कोणी थेट बंगळुरूला. एवढी पोरं गेली की ‘गेला’ या शब्दाला पुढे गावाचं नाव लावायचीही कोणाला गरज वाटेनाशी झाली.

“ड्राइव्ह मात्र मी नवीनच घेणार,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं काही माझ्या कॉम्प्युटरमध्ये नको.”

“ड्राइव्ह काढली म्हणजे बाकीच्याले काही आठवत नाही, दीदी. रॅम तर बटन बंद केलं का सगळं विसरते. कोरी पाटी.”

जाम नदीचा पूल ओलांडून ती सावरगावला गेली तेव्हा ऊन कोवळं होतं आणि नदीत पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसत होते. घर सापडायला त्रास पडला नाही. ओसरीत एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. ती मनकर्णा, हर्षलची धाकटी काकू. हर्षलची आई, केसरबाई, आतून आल्या. सुकलेल्या, उंच, डोक्यावरून पदर. संक्रांत आठ-दहा दिवसांवर आलेली, तरी त्या घरात कुठे तिळाचा, गुळाचा वास नव्हता. वृषालीच्या ते लक्षात आलं, पण एखाद्या घरी उशिरा करत असतील, असं तिला वाटलं.

आतल्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्यावर जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा पांघरलेला.

“हर्षलचाच न हा?” वृषालीने विचारलं.

“त्याचाच व माय. मी हात लावत नाही. सकायी त्याचा तोच चालू होते.”

ठरावीक वेळेला मशीन आपोआप सुरू व्हायची सोय बोर्डात असते. पोराने तशी लावून ठेवली असेल. वृषालीने स्क्रू खोलायला पेचकस काढला. ती काम करत होती तोवर केसरबाई दाराला टेकून बघत राहिल्या, दवाखान्यात नर्स मुलाच्या हातातली सुई काढताना आई बघते तशा. बोर्ड निघाला, त्यावर प्रोसेसर, पंखा, रॅमच्या दोन पट्ट्या, सगळं खरंच फुलासारखं. कुठे धुळीचा कण नाही. ड्राइव्ह तिने काढून केसरबाईंच्या हातात दिली. “यात त्यांचे फोटो असतील. ठेवा.”

“आता त्यांना लागत नाही का हे?” वृषाली खोक्यात बोर्ड ठेवताना सहज म्हणाली. “मागाहून म्हणायचे, माझं मशीन कुठं गेलं?”

ओसरीतून मनकर्णाचा आवाज आला, “द्या करून, बाई. पोरीची बस चुकन.”

खोकं काखेत घेऊन वृषाली उंबऱ्याशी आली. चपला घातल्या आणि कुठल्याही घरातून निघताना म्हणते तशी म्हणाली, “येते, मावशी.”

मनकर्णाच्या हातातलं सूप थांबलं. तुरीचे दाणे एका कडेला सरकत गेले आणि खाली सांडले, तरी तिने बघितलं नाही. केसरबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग कुठून तरी खोलवरून आल्यासारखं त्या म्हणाल्या, “येजो, माय.”

वृषाली हसून वळली. तेवढ्यात मागून पुन्हा आवाज आला. या वेळी वेगळा, मऊ, वृषालीच्या खांद्यावरून पलीकडे कोणाला तरी म्हटलेला.

“येजो, बाप्पा. सांभायून.”

पोराच्या मशीनला निरोप देत असेल म्हातारी, असं वृषालीला वाटलं. तिला जरा गहिवरूनही आलं.

बस जामसांवलीच्या फाट्यापर्यंत अर्धी रिकामी होती. तिथे मारुतीच्या दर्शनाहून परतणारे लोक चढले आणि उभं राहायला जागा उरली नाही. वृषालीच्या शेजारची जागा मात्र रिकामी. एक बाई कडेवर मूल घेऊन तिथवर आली, बसायला वाकली आणि थांबली.

“कोणी हाय का अटी?”

“नाही, बसा न.”

बाईने जागेकडे बघितलं, मग वृषालीकडे. “हाय वाटते,” ती म्हणाली आणि मूल सावरत पुढे निघून गेली. नंतर एक म्हातारा आला, तोही तसाच वळला. सौसर येईपर्यंत लोक दांड्याला लोंबकळत होते आणि ती जागा तशीच होती. वृषालीने मांडीवरचं खोकं तिथे ठेवून पाहिलं. थोड्या वेळाने ते पुन्हा मांडीवर घेतलं. कोणाच्या अंगावर सामान ठेवल्यासारखं तिला अवघडल्यासारखं झालं होतं, का ते सांगता आलं नसतं.

घरी बाबा ओसरीत खाटेवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. चपलांच्या आवाजाने त्यांनी मान वर केली.

“आलीस? या, या. बसा. आत बसा, ओसरीत ऊन आहे.”

“कोणाला म्हणून राहिले, बाबा?”

“तुझ्यासोबत तो मुलगा नाही का आला, खोकं घेऊन? कॉम्प्युटरवाल्याचा.”

“खोकं माझ्याच हातात आहे. ऑटोवाला तर बाहेरूनच गेला.”

“मग पायाचा आवाज कोणाचा?” बाबा म्हणाले. “चपलेची टाच घासून चालते तो. चहा तरी विचार त्याला.”

वृषालीने चहा ठेवला, दोघांपुरता.

जोडणीला ती आतल्या खोलीत बसली. स्वस्तातलं नवं कॅबिनेट, नवा एसएमपीएस, नवी ड्राइव्ह, आणि सावरगावचा बोर्ड. शाळेत तिने मुलांना हे सगळं चित्रं काढून शिकवलं होतं, पण हाताने पूर्ण मशीन पहिल्यांदाच जोडत होती. आणताना पडायला नकोत म्हणून रॅमच्या पट्ट्या तिने काढून वेगळ्या गुंडाळल्या होत्या. त्या आता पहिल्या दोन खाचांत बसवल्या. बटन दाबलं. पंखा फिरला, मशीन केविलवाणं ओरडलं, पडदा काळाच. काढून पुन्हा बसवल्या, पुन्हा तेच. जुना माल, परत कोण घेणार, आणि परीक्षेचं काम उद्या यायचं. ती तोंड धुवायला मोरीवर गेली.

परत आली तेव्हा पडदा उजळलेला होता.

रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत होत्या. बरोबर तिथेच, जिथे त्या असायला हव्यात, आणि जे ती गडबडीत विसरली होती.

“बाबा, तुम्ही आत आला होता?”

“मी कशाला येऊ? तो करून राहिला होता न काहीतरी.”

बाबांचं वय, बाबांचे डोळे. वृषालीने स्वतःला समजावलं की तिनेच पट्ट्या बदलल्या असतील आणि घाबरल्यामुळे लक्षात राहिलं नसेल. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो, विशेषतः मशीन सुरू झालेलं असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी काम आलं. रामाकोन्याकडच्या शेतांचे नकाशे, पिवळे, घड्या पडलेले, शाई पसरलेली. प्रत्येक बांधावरून माऊसने रेघ ओढत जायचं आणि कोपऱ्यावर वळायचं. आखलेली रेघ तिकडे नागपूरला कंपनीकडे आपोआप जमा व्हायची. वृषालीचे कोपरे टोकदार यायचे. वळताना तिचा हात अडखळायचा. दुपारी ती बाबांना वाढायला उठली. एक शेत अर्धं सोडून गेली होती. आली तर शेत पुरं झालेलं, आणि शेजारची दोन आणखी. कोपरे अंगठ्याने माती सारवावी तसे, किंचित गोल, जुन्या नकाशातल्या बांधाला अगदी धरून.

ती खूप वेळ खुर्चीच्या मागे उभी राहिली. बसायचं धाडस होईना. खुर्ची थोडी तिरकी होती, कोणी आत्ता उठून गेल्यासारखी.

बाहेरून कोणी मशीन चालवत असेल, हा विचार त्यातल्या त्यात बरा होता. तिने इंटरनेटची वायर काढली, एक शेत अर्धं सोडलं आणि मुद्दाम अंगणात जाऊन कपडे वाळत घातले. आतून माऊसची टकटक ऐकू आली. बाबांचा आवाजही. ते पोस्टातली जुनी गोष्ट सांगत होते, मनीऑर्डर चुकून दुसऱ्या रघुनाथाकडे गेली त्याची. वृषालीने ती इतक्यांदा ऐकली होती की हल्ली बाबा सुरू करायचे आणि ती उठून जायची. आता ते मध्ये मध्ये थांबत होते, समोरच्याने मान हलवावी तेवढं.

“बरा मुलगा आहे,” संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले. “बोलत नाही. ऐकते.”

तिने तुषारला फोन लावला. मशीन आपलंआपण चालतं एवढंच सांगितलं, कोपऱ्यांचं सांगायला तिला लाज वाटली.

“व्हायरस असन.”

“नवी ड्राइव्ह आहे. वायर पण काढून पाहिली.”

“मग लाइट खाली-वर होत असन. दीदी, बोर्ड-प्रोसेसर निर्जीव चीज आहे हो.”

“तुषारभाऊ, तुम्ही हर्षललाच विचारा न. त्यांनी बोर्डात काही सेटिंग करून ठेवली असेल. पुण्याचा नंबर असेल तुमच्याकडे.”

तुषार म्हणाला, “कोणतं पुणे?”

“गेले म्हणालात न तुम्ही.”

“दीदी,” तुषारचा आवाज खाली आला, “गेला म्हणजे गेला. दिवाळीनंतर. कावीळ झाली होती, पत्रिकांचा सीजन म्हणून अंगावर काढली. मले वाटलं तुम्ही समजल्या. त्याच्या मायले तुम्ही काही बोलल्या का?”

तिने सांगितलं. काय बोलली, निघताना काय म्हणाली, सगळं. तुषार नुसता “अरे देवा” म्हणाला आणि दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगून त्याने फोन ठेवला.

त्यानंतरही वृषाली रोज त्या खुर्चीवर बसली. हे तिचं तिलाच नवल वाटलं. सकाळी ती यायची तेव्हा मशीन सुरू असायचं. ती आपला भाग आखायची, पाणी प्यायला उठायची, आणि परत येऊन बघायचं नाही असं ठरवून बघायचीच. काम पुढे सरकलेलं असायचं. भीती होती. मानेवर वारा लागल्यासारखी ती कायम असायची. पण नागपूरच्या अनुराधा मॅडमनी फोनवर सांगितलं, “तुमचं वळण फार सुरेख आहे हो, आमच्या इथल्या जुन्या लोकांना जमत नाही,” तेव्हा तिने थँक्यू म्हटलं. आणि ते म्हणून झाल्यावर मागे वळून बघितलं.

परीक्षेचं काम संपायच्या आदल्या दिवशी केसरबाई आल्या. सोबत मनकर्णा. तुषारकडून बातमी सावरगावला पोचली होती. दोघी बसने आल्या होत्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“या न, आत या,” वृषाली म्हणाली आणि तोंडातून निघालेल्या त्या शब्दालाही दचकली.

“पोरी, तुले घरच्यांनी काही शिकवलं नाही का?” मनकर्णाने बसायच्या आधीच तोंड उघडलं. “दुःखाच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत असतात का? पहिला सण झाल्याबिगर? मुकाट्यानं उठा लागते, मुकाट्यानं चाला लागते. निरोप द्यायचा नाही, घ्यायचा नाही. गेलेल्याचा पाय घरात गुतलेला असते. कोणी ‘येते’ म्हटलं का त्याले वाटते, चला, आपलीबी निघायची येळ झाली.”

“मला माहीतच नव्हतं, मावशी. मला वाटलं ते पुण्याला गेले.”

“पुण्याले!” मनकर्णा म्हणाली. “पुण्याले गेला असता तं फोन तरी करता.”

“तिले कायले बोलतं?” केसरबाई म्हणाल्या. “चुकी माही आहे. ती तं परकी. मी तोंड उघडायले नको होतं. पण रोज घरून निघे तवा म्हणत होती न मी, येजो, सांभायून. निघून गेलं तोंडातून.” त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली. “तुहे पैसे आणले व माय. मले माहं देऊन दे. घरी आता काही चालू होत नाही. सकायी उठतो तं खोली नुसती खोलीच असते.”

वृषालीने मान खाली घातली. नकाशातली थोडी शेतं उरली होती. उद्या दुपारपर्यंत द्यायची होती. हे सांगताना तिला स्वतःच्या आवाजाची चीड आली, पण तिने सांगितलं, आणि इंदूरचंही सांगितलं.

“मंग करून घे,” केसरबाई म्हणाल्या. “मी बसतो अटी.”

त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, पडदा दिसेल अशा. वृषालीने दोन शेतं आखली. तिसऱ्याच्या मध्यावर तिने माऊस सोडला आणि चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. आतून टकटक येत होती. केसरबाई हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या म्हशीला काय झालं, असं. मध्ये एकदा त्या हसल्या.

चहा घेऊन ती आत आली तेव्हा टकटक थांबलेली होती. नकाशा पूर्ण होता.

“झालं तुहं काम,” केसरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि पडद्यावरून हलत नव्हते. “कोपरा असाच वयवे तो. पत्रिकेवरच्या वेली अश्याच काढे.”

वृषालीने मशीन बंद केलं. पेचकस घेतला. बोर्ड काढून त्याच खोक्यात ठेवला, रॅमच्या पट्ट्या या वेळी काढल्या नाहीत. मनकर्णाने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बजावलं, “आता कोणी काही बोलायचं नाही. मुकाट्यानं.”

खोकं छातीशी धरून केसरबाई उठल्या. कोणी कोणाकडे बघितलं नाही. ओसरी ओलांडून त्या अंगणात उतरल्या, पुढे मनकर्णा, मागे केसरबाई. वृषाली दाराच्या चौकटीत उभी राहिली. रस्त्यावरून संत्र्यांचा ट्रक घरघरत चालला होता.

तेव्हा मागे, आतल्या खोलीत, बाबांचा आवाज आला. ते भिंत धरत केव्हा आत गेले होते कोणास ठाऊक.

“तुम्ही बसा हो. ते लोक निघून राहिले, तुम्हाला कुठं घाई आहे? बसा, बसा.”

खुर्ची करकरली. उठायला लागलेला माणूस कोणी आग्रह केल्यावर पुन्हा टेकतो, तशी.

ट्रक अजून जायचाच होता. फाटकाशी केसरबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं, घराकडे, वृषालीकडे. त्यांच्या कपाळावर आठी होती, काहीतरी विसरल्यासारखी. वृषालीला हाक मारता आली असती. पण कोणी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि तो नियम त्या घटकेला तिच्या फार सोयीचा होता. त्या दोघी खोकं घेऊन बस स्टँडकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाच्या मोबाइलवरून फोन आला. बोलत होत्या केसरबाई. तुषार येऊन बोर्ड बसवून गेला होता, ड्राइव्हही लावली होती.

“चालू होते व माय,” त्या म्हणाल्या. “पण नुसतंच चालू होते.”

“होईल, मावशी,” वृषाली म्हणाली. “थोडे दिवस जाऊ द्या.”

“संक्रांत झाल्यावर येईन का तो?”

“येतील.”

फोन ठेवून ती तिथेच बसून राहिली. टेबलावर कॅबिनेट उघडं होतं, आत एसएमपीएसच्या वायरी कशालाही न जोडलेल्या. पलीकडे बाबा बोलत होते. मनीऑर्डरची गोष्ट संपून त्यांनी पुराच्या वर्षीची डाक सुरू केली होती.

फोन पुन्हा वाजला. अनुराधा मॅडम होत्या.

“अभिनंदन! तुमचं पक्कं झालं. आणि काय हो, सोमवारपासून म्हटलं होतं न मी? तुम्ही तर आजच बसल्या. सकाळपासून रेघा जमा होऊन राहिल्या इकडे, पुढच्या गावाचा अर्धा नकाशा झाला. एवढी काय घाई होती?”

वृषालीने कॅबिनेटकडे पाहिलं. बोर्डाच्या जागी पत्रा होता, त्यावर स्क्रूची रिकामी भोकं.

“हॅलो? तुम्हीच आहात न?”

“हो मॅडम,” वृषाली म्हणाली. “मीच.”

मॅडमनी पगाराचं, सुट्ट्यांचं सांगितलं. तिने प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. फोन संपल्यावर तिने मनकर्णाचा नंबर काढला, त्यावर अंगठा धरला आणि तसाच उचलला. मग मोठ्याने सांगितलं, “बाबा, काम लागलं. आपण कुठे जात नाही.”

पलीकडचं बोलणं थांबलं.

“ऐकलं का तुम्ही?” बाबा तिकडे कोणाला तरी आनंदाने म्हणाले. “राहिलो आपण.”